राग कानाने ओळखायला कसे शिकावे?

शारदी:

मी गाणे शिकलेले नाही. चार वर्षांपूर्वी माळ्यावरची बाजाची पेटी खाली काढली, तेव्हापासून शास्त्रीय संगीत नेमाने ऐकते आहे, आणि ऐकता ऐकता राग ओळखता यावा ही इच्छा आता फार बळावली आहे. बैठकीत शेजारी बसलेल्या बाई पहिल्याच आलापाला ‘पूरिया’ असे हळूच म्हणतात आणि मी मात्र बंदिश संपेपर्यंत अंदाज बांधत राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नाव कळले नाही म्हणून गाण्याचा आनंद उणा होतो असे नाही. पण नाव कळले की पूर्वी ऐकलेले सगळे गाणे समोरच्या गाण्याला येऊन मिळते, आणि मला ते हवे आहे.

माझी आजवरची रीत अशी आहे. कानावर पडलेली ओळ एखाद्या ओळखीच्या गाण्याजवळ जाते का, ते पाहायचे. ‘इंद्रायणी काठी’ची आठवण झाली की भीमपलास, ‘नाथ हा माझा’ची आठवण झाली की यमन. सुगम संगीतात आणि नाट्यपदांत ही रीत बऱ्यापैकी चालते, परंतु विलंबित ख्याल सुरू झाला की गाण्याची ती ओळखीची ओळ कुठे दिसतच नाही आणि मी वाट चुकते.

म्हणून मी सूर मोजायला लागले, आणि तिथे जे घडले ते विचारण्यासाठीच हा धागा काढला आहे. समोरच्या इमारतीत कोणीतरी सकाळी साडेसहाच्या सुमारास बासरीचा रियाज करते. ते तानपुरा लावत असतील, तर त्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येत नाही. गेल्या महिन्यात सलग तीन दिवस एकच राग चालला होता. मी मोबाईलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले, पेटी पुढ्यात घेतली आणि एकेक सूर शोधत गेले. सगळे सूर काळ्या पट्ट्यांवर निघाले. पाचही काळ्या पट्ट्या लागल्या आणि पांढरी एकही लागली नाही. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरून पाहिला, तेव्हा भूपाचे आरोह-अवरोह तंतोतंत जुळले. मी वहीत ‘भूप’ असे लिहून टाकले. संध्याकाळी सहज काळी पाचला सा धरून तेच सूर वाजवले, तर मालकंस निघाला! सूर तेच, पट्ट्या त्याच, आणि राग मात्र दोन. भूप आणि मालकंस ऐकताना एकमेकांच्या जवळपासही वाटत नाहीत, मग माझ्या पेटीवर ते एकाच जागी कसे आले? आणि बासरीवर नेमका कोणता राग चालला होता, हे मी कसे ठरवावे?

काळी चार:

शारदीताई, तुम्ही नकळत मूर्च्छनेपर्यंत, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलण्यापर्यंत, पोहोचला आहात. आणखी तीन पट्ट्या राहिल्या आहेत, त्याही लावून पाहा, म्हणजे चित्र पुरे होईल.

काळी तीनला सा धरला की सा रे ग प ध, हा भूप. काळी चारला सा धरला की सा रे म प आणि कोमल नी, हे मधमाद सारंगाचे सूर. काळी पाचला तुम्हांला मिळाला तो मालकंस, म्हणजे सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. काळी एकला सा धरला तर सा रे म प ध, हा दुर्गा. आणि काळी दोनला सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, ही धानी. पाच पट्ट्या आणि पाच राग. पट्टी कुठलीच बदलत नाही, बदलते ते फक्त घर.

यातून एक गोष्ट अगदी स्वच्छ होते. राग ओळखण्याची पहिली पायरी सूर मोजण्याची नाही, षड्ज धरण्याची आहे. (सा रे ग म प ध नी यांची पूर्ण नावे षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद.) षड्ज हातून सुटला तर पाचही सूर बरोबर सापडूनसुद्धा राग चुकतो, आणि षड्ज पक्का असेल तर तीनच सूर सापडले तरी निम्मे काम होते. ‘गंधार’ हे एखाद्या पट्टीचे नाव नाही. षड्जापासून त्याचे जे अंतर आहे त्या नात्याचे ते नाव आहे. काळी पाचचा सूर भूपात गंधार होता, तोच मालकंसात षड्ज झाला. कित्येक जण कान तयार करायचा म्हणजे सुटा सूर ऐकून तो कोणत्या पट्टीचा हे सांगता यायला हवे, अशा समजुतीत वर्षे घालवतात. आपल्या संगीताला त्याची गरज नाही. गायक पांढरी एकमध्ये गावो की काळी चारमध्ये, यमन हा यमनच राहतो.

तानपुरा ऐकू येत नसेल तेव्हा षड्ज कसा शोधावा? माझा अनुभव असा की तो बोटांनी शोधू नये, गळ्याने शोधावा. तुमचे ध्वनिमुद्रण कुठेही मध्येच थांबवा आणि लगेच, विचार न करता, जो सूर गुणगुणावासा वाटेल तो गुणगुणा. असे आठ-दहा ठिकाणी करा. बहुतेक वेळा गळा एकाच सुरावर येऊन टेकेल. तो सूर पेटीवर पाहा. बासरीवाला श्वास घेण्याआधी कुठे उतरतो तेही पाहा. मात्र एक सावधगिरी बाळगा. वादक ज्या सुरावर पुन्हा पुन्हा थांबतो तो दर वेळी षड्जच असेल असे नाही. तो रागाचा वादी, म्हणजे सर्वांत प्रमुख, स्वरही असू शकतो आणि तिथेच नवख्या कानाची फसगत होते. थांबणे आणि घरी परतणे यांत फरक आहे, तो सावकाश कळेल.

जुना श्रोता:

माझे वय आता 74 आहे आणि मीही कधी गुरूंपुढे बसलेलो नाही. माझी शाळा म्हणजे आकाशवाणी. शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. निवेदक आधी कलाकाराचे नाव सांगे आणि मग रागाचे. रागाचे नाव आधीच कळले तर ओळखायचे काय उरले, म्हणून कलाकाराचे नाव झाले की मी आवाज अगदी बारीक करत असे आणि मनात पंधरा आकडे मोजून पुन्हा मोठा करत असे. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक नाव पुन्हा सांगे. तेवढ्या वेळात माझे उत्तर वहीत लिहून झालेले असे. आजही हे सहज करता येईल. घरातल्या कोणाला तरी ध्वनिमुद्रण लावायला सांगावे आणि आपण पडद्याकडे पाठ करून बसावे.

त्या वहीला मी चार रकाने आखले होते. तारीख, माझा अंदाज, खरे नाव आणि अंदाज कशावरून केला ते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. ‘उदास वाटले म्हणून मारवा’ असे मी सुरुवातीला लिहीत असे. हे कारण नव्हेच. पुढे पुढे ‘पंचम एकदाही आला नाही’, ‘गंधार हलता होता’, ‘उतरताना मध्यमावरून थेट रिषभावर आला’ अशी कारणे येऊ लागली. अंदाज तेव्हाही चुकत असत, पण चुका सुधारल्या होत्या, असे म्हटले तर ते बरोबर होईल. बागेश्रीला रागेश्री म्हणणे ही सुद्धा चूकच, परंतु त्यात फक्त गंधार कोमल की शुद्ध एवढेच चुकलेले असते आणि बाकीची चाल कानाला कळलेली असते. बागेश्रीला भैरव म्हणणाऱ्याला मात्र अजून काहीच ऐकू आलेले नाही. आपली चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहत गेले की प्रगती कळते.

शारदीताईंना आणखी एक सुचवतो. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या आता सगळीकडे ऐकायला मिळतात. त्यांच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून गायकाला रागाचा चेहरा पहिल्या काही सेकंदांतच दाखवावा लागे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची (1872–1937) झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐका. आलापात रेंगाळायला वेळच नाही, तरीही राग पूर्ण उभा राहतो. अर्ध्या तासाचा ख्याल हा नवख्या कानाला विस्तीर्ण मैदानासारखा असतो, आणि तबकडी म्हणजे त्याच मैदानाचा हातात मावणारा नकाशा. रोज एक तबकडी तीनदा ऐकावी. तिसऱ्यांदा ऐकताना सोबत गुणगुणावे.

संथ लय:

काळी चार यांनी लिहिलेले अगदी पटले, पण त्यापुढची अडचण मांडतो. षड्ज पक्का धरला, सूर सगळे बरोबर मोजले, आणि तरीही राग हाती लागत नाही अशी वेळ येते. कारण सूर सारखे आणि षड्जही तोच, असे राग आपल्याकडे पुष्कळ आहेत.

भूप आणि देशकार घ्या. दोहोंत सा रे ग प ध. भूप गंधारावर विसावतो, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) आणि मंद्राच्या (खालच्या सप्तकाच्या) कडेने फिरतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरात गातात. देशकाराचे सगळे लक्ष वर असते. धैवतावर जोर, तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, ओढ आणि वेळ सकाळची. शारदीताईंची गाण्यावरून राग ओळखण्याची रीत इथेच उघडी पडते. ‘भाभी की चूडियाँ’ (1961) या चित्रपटातले सुधीर फडके यांनी बांधलेले ‘ज्योती कलश छलके’ लोकांच्या याद्यांमध्ये कुठे भूपाखाली सापडते, तर कुठे देशकाराखाली. यादी करणाऱ्याने सूर मोजले असतील तर दोन्ही नावे बरोबर वाटतील. मी स्वतः ते देशकाराचे मानतो, कारण गाण्याचा ओढा वरच्या अंगाकडे आहे. ज्यांना भूप वाटतो त्यांनी गाणे किती वेळा गंधारावर विसावते ते मोजून पाहावे.

याहून मोठी परीक्षा मारवा, पूरिया आणि सोहनी घेतात. तिघांनाही कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. तिघांनाही पंचम वर्ज्य. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात लावतात, या रागांत बहुधा निषादात लावतात. जाणत्या श्रोत्याला पहिला इशारा इथेच मिळतो, गायकाने तोंड उघडण्यापूर्वी. पहिली तार मध्यमात असेल तर मालकंस, बागेश्री, चंद्रकंस, ललित अशा घरांकडे मन वळवावे, निषादात असेल तर या तिघांकडे.

मग तिघांत निवड कशी करायची? सोहनी सर्वांत आधी ओळखू येते, कारण ती तार षड्जाला धरून असते आणि चपळ असते. पूरिया खाली उतरतो. गंधार आणि निषाद ही त्याची विसाव्याची ठिकाणे. ‘ग, नि़ रे सा, नि़ ध़ नि़’ (खाली टिंब असलेले सूर खालच्या सप्तकातले) एवढे ऐकले तरी पूरिया समोर येतो. मारव्याचे मात्र वेगळेच आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मारवा कोमल रिषभावर आणि धैवतावर उभा असतो, आणि षड्जाला हात लावायचे तो कितीतरी वेळ टाळतो. तानपुऱ्यात षड्ज अखंड वाजतो आहे, गायक त्याच्या अगदी शेजारी, कोमल रिषभावर थांबला आहे, दोन सूर एकमेकांना घासताहेत आणि गायक षड्जावर येत नाही. ऐकणाऱ्याचा जीव अक्षरशः टांगणीला लागतो. पुष्कळ वेळ असे चालले की कानाचाच षड्ज हलतो आणि धैवतच सा वाटू लागतो. अशा वेळी मी डोळे मिटून गायकाला सोडतो आणि फक्त तानपुरा ऐकतो. मधल्या दोन तारा षड्जाच्याच असतात. पाच-सहा आवर्तने त्या ऐकल्या की जमीन पुन्हा पायाखाली येते. मारव्यातली ती बेचैनी सहन करायला शिकणे हीच मारवा ओळखायला शिकण्याची रीत आहे असे मला वाटते. पूरियात षड्ज असा हुलकावणी देत नाही.

शारदी:

सर्वांची मनापासून आभारी आहे. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेबद्दल मला काहीच माहीत नव्हते. मी आजवर तानपुरा म्हणजे पाठीमागची गुणगुण समजत होते आणि गाणे सुरू होण्याची वाट पाहत होते.

एक शंका आहे. मोबाईलवर सूर दाखवणारी ॲप मिळतात. त्यांची मदत घ्यावी का?

काळी चार:

तानपुऱ्याचे ॲप जरूर घ्या आणि रोज त्यासोबत दहा मिनिटे नुसता सा लावा. सूर दाखवणारे ॲप मात्र सध्या नको. पडद्यावर अक्षर दिसले की कान काम सोडून देतो. पुढे एखादी शंका फेडायची असेल तर पाहावे, तेही स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर.

शिकवणारी:

मी पंचवीस वर्षे मुलांना गाणे शिकवते आहे, म्हणून शिकवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत परीक्षक स्वरसमूह गाऊन दाखवतात आणि विद्यार्थ्याने राग सांगायचा असतो. जी मुले आरोह-अवरोह पाठ करून येतात ती इथे अडखळतात, आणि ज्यांनी प्रत्येक रागाचे पाच-सहा तुकडे गळ्यात बसवले आहेत त्यांना उत्तर सुचायला क्षणही लागत नाही. राग आपल्याला शिडीच्या रूपात कधीच भेटत नाही, तो तुकड्यांतून भेटतो. शिडी ही त्या तुकड्यांवरून नंतर तयार केलेली आकृती आहे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी दहा थाट (सुरांवरून केलेले रागांचे गट) मांडले आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग सिद्ध केले, त्या कामाचे ऋण आपल्यावर फार मोठे आहे. पण त्यांनीही रागासोबत पकड, म्हणजे राग ओळखवणारा तुकडा, दिली आहे आणि पानोपान बंदिशी दिल्या आहेत, हे विसरून आपण कोष्टकच तेवढे उचलतो.

तेव्हा शारदीताई, दोनच राग घ्या. पुढचा महिना तिसऱ्याकडे पाहू नका. समजा भूप आणि दुर्गा घेतले. भूपाचे ‘ग रे सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग रे सा’ आणि दुर्ग्याचे ‘म प ध, म रे, सा ध़ सा’ हे तानपुऱ्यावर स्वतः म्हणा. आवाज चांगला नाही ही सबब चालणार नाही, कारण हे कोणाला ऐकवायचे नाही. जो सूर गळ्याने एकदाही लावून पाहिला नाही तो कानाला नीट कळत नाही, हे मी इतक्या मुलांत पाहिले आहे की त्याविषयी मला शंका उरलेली नाही. म्हणून झाले की मग त्या दोनच रागांतली ध्वनिमुद्रणे, कोणता राग ते न पाहता, उलटसुलट क्रमाने ऐका. भूप नाही तर दुर्गा, एवढाच प्रश्न असल्यामुळे कानाला नेमके काय शोधायचे ते कळते. चाळीस रागांतून एक निवडणे हा प्रश्न सुरुवातीला कोणालाच सुटणार नाही.

पेटीबद्दलही सांगायला हवे. पेटी तुमच्या हाताशी आहे आणि तुम्ही तिचा उपयोग सांगाड्यासाठी करता आहात, ते ठीकच आहे. पण तिच्यावर विसंबून दरबारी कानडा ओळखायला जाल, तर अपयश येईल. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही. तो आपल्या जागेच्याही थोडा खाली, संथपणे आंदोलत राहतो, आणि ते आंदोलन हीच दरबारीची मुख्य खूण आहे. अडाण्याचा सुरांचा संच जवळजवळ तोच, पण तो तार सप्तकाकडे झेपावतो आणि त्याचा गंधार इतका संथ हलत नाही. पेटीच्या पट्टीला खाली-वर सरकता येत नाही, त्यामुळे तिच्यावर दोन्ही गंधार एकसारखेच वाजतात. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दूर ठेवले होते, त्यामागे हेही एक कारण सांगितले जाई. मी स्वतः पेटीच्या विरोधात नाही, साथीला ती मला हवी असते. परंतु कोणता सूर हे पेटी सांगेल, तो सूर कसा लावला आहे हे ती सांगू शकणार नाही, आणि राग ओळखताना ‘कसा’ हाच प्रश्न मोठा असतो.

फोंडेकर:

आमच्या गोव्यात केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे हा अभिमानाचा विषय आहे, आणि माझा कान या गाण्यावरच वाढला. त्यामुळे या चर्चेत एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. जयपूर-अत्रौली घराण्यात, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या (1855–1946) परंपरेत, अनवट (क्वचित ऐकू येणारे) आणि जोड (दोन राग मिळून झालेले) राग मोठ्या आवडीने गातात. बसंती केदार, नट कामोद, संपूर्ण मालकंस अशी ही नावे. आता संपूर्ण मालकंसच पाहा. मालकंसाला रिषभ आणि पंचम वर्ज्य, हे आपण घोकलेले असते, आणि इथे तर दोन्ही सूर राजरोस येतात. सूर मोजणारा म्हणेल की हा मालकंस नव्हेच. पण ज्याने मालकंसाची चाल, मध्यमाकडे वळणारी त्याची वाट कानात साठवली आहे, तो सातही सूर ऐकूनसुद्धा म्हणेल की मालकंस आहे, फक्त आणखी काहीतरी आहे.

म्हणून मला वाटते की नाव सांगण्याची घाई करू नये. आधी अंग, म्हणजे रागांच्या एका कुळाची खास चाल, ओळखावे. कोमल गंधार घेऊन ‘ग म रे सा’ असे वाकडे उतरले की कानडा अंग. ‘म रे प’ आणि दोन निषादांमध्ये झुलणारे ‘नि ध नि सा’ आले की मल्हार. ‘नि प, म रे’ आले की सारंग. एवढे कळले की घराच्या दारापर्यंत तर आपण पोहोचलो. कोणता कानडा, कोणता मल्हार, हे नंतर पाहता येते. बैठकीत राग अनोळखी निघाला तर मी चटकन नाव शोधत नाही, ‘पूर्वांगात केदारासारखे, वर गेल्यावर वसंतासारखे’ एवढेच मनाशी म्हणतो. पुष्कळदा त्या दोन अर्ध्या ओळखींतूनच पूर्ण नाव सापडते.

जुना श्रोता:

फोंडेकरांचे म्हणणे मला फार आवडले. त्याला जोडून वेळेबद्दल लिहितो. मैफलीत वेळ ही मोठी खूण असते. दुपारी सारंग, दिवस मावळताना पूरिया, मारवा, आणि रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे आणि पहाटेचे राग खरोखरच पहाटे ऐकायला मिळत. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून खुल्या मंडपातल्या मैफलींत उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची संधी जवळजवळ गेली. नियमामागचे कारण मी समजू शकतो, पण श्रोता म्हणून मला त्याची हळहळ वाटते. सोहनी कानात बसायची तर ती उत्तररात्री ऐकावी, घरी का होईना. वेळेची आठवण सुरांसोबत मनात राहते आणि पुढे तीच मदतीला येते.

शारदी (तीन आठवड्यांनंतर):

सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, त्याचा वृत्तान्त लिहिते.

बासरीचे ध्वनिमुद्रण मी बारा ठिकाणी थांबवले. गुणगुणलेला सूर नऊ वेळा काळी एकवर आला आणि तीन वेळा काळी तीनवर. म्हणजे सा काळी एक. मग लक्षात आले की वादक काळी तीनवर पुष्कळ वेळ थांबतो, आणि म्हणूनच मी आधी तिलाच षड्ज समजून भूप लिहून बसले होते. तो भूपाचा षड्ज नव्हता, दुर्ग्याचा मध्यम होता. तिथून तो दर वेळी मींड घेऊन (सूर न तोडता घसरत) काळी दोनवर उतरतो, म्हणजे ‘म रे’. शिकवणारी यांनी दिलेला तुकडा मी तोपर्यंत पंधरा दिवस रोज म्हटला होता, त्यामुळे ते उतरणे ऐकताच अंगावर काटा आला. वहीतला ‘भूप’ मी खोडलेला नाही. त्याच्यासमोर खरे नाव लिहिले आहे आणि चौथ्या रकान्यात चुकीचे कारण.

दुसरी गोष्ट कालची. मुलाला ध्वनिमुद्रण लावायला सांगून मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तानपुरा सुरू झाला आणि पहिली तार पंचमात नव्हती, मध्यमात होती, हे मला आधी कळले. मग कोमल गंधार आला, कोमल निषाद आला, पण धैवत शुद्ध होता, तेव्हा मालकंस बाद झाला. ‘ग म ध, नि ध म’ असे काहीतरी पुन्हा पुन्हा येत होते आणि विसावा मध्यमावर होता. पंचम बऱ्याच वेळाने आला, तोही ‘म प ध ग’ असा वळसा घेऊन आणि लगेच निघून गेला. मी वहीत ‘बागेश्री’ लिहिले आणि मगच मागे वळले. बरोबर होते. एकच गोष्ट खटकते आहे. हेच सगळे सूर भीमपलासातही आहेत, मध्यमावरचा विसावाही आहे, आणि भीमपलास तर मला सर्वांत आधी ओळखता येऊ लागला होता. तरीही ऐकताना त्याची आठवण एकदाही झाली नाही. असे का झाले असावे?

शिकवणारी:

धैवतामुळे. भीमपलासात वर चढताना रिषभ आणि धैवत घेत नाहीत, ‘नि़ सा ग म प, नि सा’ असे जायचे. तिथे पंचम भक्कम उभा असतो, आणि धैवत फक्त उतरताना ओझरता लागतो. तुमच्या बागेश्रीत ‘ग म ध नि’ असे धैवतावरून चढणे होते आणि पंचम पाहुण्यासारखा आला. आता आठवडाभर हे दोनच राग घ्या. ‘म प नि’ आणि ‘म ध नि’ हे दोन तुकडे तानपुऱ्यावर आलटून पालटून म्हणा, आणि पहिली तार एक दिवस पंचमात, एक दिवस मध्यमात लावून काय वाटते ते इथे लिहा.